दामदुप्पट आणि दामाची किंमत

खानदेशात भागबाजाराचा विषय निघाला म्हणजे तो अमळनेरला गेल्यावाचून राहत नाही. १९४५ साली तेथे वनस्पती तुपाच्या उत्पादनासाठी स्थापन झालेल्या कंपनीची पुढे ‘विप्रो’ झाली. तिचे भाग आणि त्यांवर वेळोवेळी मिळालेले बक्षीसभाग जपून ठेवणारी गावातील कुटुंबे संपन्न झाली. ही हकीकत खरी आहे. परंतु तीवरून भागबाजाराच्या दीर्घकालीन फळाचे अनुमान करणे सदोष होय. जळगावची खानदेश मिल आणि धुळ्याची न्यू प्रताप मिल बंद पडल्या. त्यांच्या भागांची कथा कोणी नातवंडांस सांगत नाही. तगून राहिलेल्यांचीच गणना केली तर सरासरी फुगते.

यास्तव एका कंपनीऐवजी निर्देशांक घ्यावा लागतो. मुंबई शेअर बाजाराच्या ‘सेन्सेक्स’ या निर्देशांकासाठी १९७८-७९ हे पायाभूत वर्ष असून त्याचे मूल्य १०० धरले आहे. मार्च २०२४ अखेर तो सुमारे ७३,६५० होता. म्हणजे पंचेचाळीस वर्षांत सुमारे ७३६ पट. चक्रवाढीने दरसाल सुमारे १५.८ टक्के. याच काळात औद्योगिक कामगारांचा ग्राहक मूल्य निर्देशांक, त्याच्या निरनिराळ्या मालिका एकमेकींस जोडून पाहता, सुमारे २७ पट झाला. म्हणजे दरसाल सुमारे ७.६ टक्के. येथे वजाबाकीचा मोह होतो व उत्तर ८.२ येते. ते बरोबर नाही. कारण मुद्दलाप्रमाणेच झालेला लाभही वाढलेल्या भावानेच खर्चावयाचा असतो. म्हणून भागाकार करावयाचा. १.१५८ ला १.०७६ ने भागले असता खरी वाढ दरसाल सुमारे ७.६ टक्के ठरते. हा आकडा भाववाढीच्या दराशी जुळतो, तो केवळ योगायोग. यात लाभांश धरलेला नाही, तसेच कर व दलालीही वजा केलेली नाही.

‘दामदुप्पट’ हा शब्द या संदर्भात मोठा बोधक आहे. व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये, या ऋणकोच्या रक्षणार्थ असलेल्या जुन्या नियमाचे ते नाव. पुढे तो शब्द लाभाच्या जाहिरातीत जाऊन बसला. वरील हिशेबाने दाम पावणेपाच वर्षांत दुप्पट होतात खरे, पण त्या दामांत मिळणारे धान्य-कापड दुप्पट व्हावयास साडेनऊ वर्षे लागतात.

शिवाय सरासरी म्हणजे हमी नव्हे. २२ एप्रिल १९९२ रोजी निर्देशांक सुमारे ४,४६७ होता. २५ एप्रिल २००३ रोजी तो सुमारे २,९२४ होता. दरम्यान भाव दुपटीहून अधिक वाढले होते. कापसाचे पैसे त्या एप्रिलात निर्देशांकाच्या प्रमाणात गुंतवून अकरा वर्षांनी मुलीच्या लग्नासाठी काढणाऱ्याच्या हाती, लाभांश सोडला तर, शंभर रुपयांमागे सुमारे पासष्ट रुपये आले असते. आणि त्यांची खरेदीशक्ती १९९२ च्या तीस रुपयांएवढीच भरली असती.