३६ वरून ४८ व्होल्ट : वेग वाढतो, ब्रेकचे काय?

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या दक्षिणेला पीचट्री सिटी नावाचे शहर आहे. मोटारींच्या रस्त्यांखेरीज या शहरात गोल्फ कार्टसाठी दीडशे किलोमीटरहून अधिक लांबीचे स्वतंत्र मार्ग आहेत. वाणसामान आणण्यापासून शाळेत जाण्यापर्यंतची अनेक कामे तेथील कुटुंबे या छोट्या विजेच्या गाड्यांतून करतात. फ्लोरिडातील ‘द व्हिलेजेस’ या निवृत्तांच्या वसाहतीतही हेच दृश्य दिसते. खेळाच्या मैदानासाठी जन्मलेली गाडी अशी रस्त्यावर आली, की तिच्याकडून रस्त्यावरच्या अपेक्षा सुरू होतात. जुनी गाडी चढावर दमते, शेजाऱ्याची नवी गाडी पुढे निघून जाते आणि मालकाच्या मनात विचार येतो : आपली गाडी ३६ व्होल्टची आहे; ती ४८ व्होल्टची करून घेतली तर?

हा बदल शक्य आहे आणि तिकडे तो अनेक जण करतातही. मात्र ‘बॅटऱ्या बदलल्या, काम झाले’ ही समजूत खर्चिक ठरते आणि कधी कधी धोकादायकही.

दाब वाढतो, साठा नाही

शिसे-आम्ल बॅटरीचा एक घट साधारण दोन व्होल्टचा असतो. जुन्या गाडीत सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या एकसर जोडलेल्या असतात, म्हणजे एकूण १८ घट आणि ३६ व्होल्ट. त्यांच्या जागी आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या बसविल्या, की २४ घट आणि ४८ व्होल्ट होतात. आकारमान जवळजवळ तेच असल्याने त्या जुन्याच कप्प्यात मावतात.

आता हिशेब पाहू. सहा व्होल्टच्या नेहमीच्या बॅटरीची क्षमता सुमारे २२५ अँपियर-तास असते, तर आठ व्होल्टच्या बॅटरीची सुमारे १७०. पहिल्या संचात ३६ गुणिले २२५ म्हणजे ८,१०० वॉट-तास ऊर्जा साठते. दुसऱ्यात ४८ गुणिले १७० म्हणजे ८,१६० वॉट-तास. फरक नगण्य आहे. शिसे तेवढेच, वजन तेवढेच आणि ऊर्जाही तेवढीच. तेवढ्याच पाण्याची टाकी अधिक उंचावर ठेवावी, तसा हा प्रकार आहे. पाण्याचा दाब वाढतो, पाणी वाढत नाही. त्यामुळे एका चार्जिंगमध्ये गाडी अधिक लांब जाईल ही अपेक्षा येथेच सोडून द्यावी.

मग फायदा कशात?

फायदा आहे तो प्रवाह कमी होण्यात. एखाद्या चढावर गाडीला ३,६०० वॉट शक्ती लागते असे धरू. ३६ व्होल्टवर त्यासाठी बॅटरीतून १०० अँपियर प्रवाह ओढावा लागतो. ४८ व्होल्टवर ७५ अँपियर पुरतो. तारेत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे प्रवाह एक चतुर्थांशाने घटला, की त्याच तारांतील उष्णता सुमारे ४४ टक्क्यांनी घटते.

परंतु हे गणित वेग तोच ठेवला तर लागू पडते. जुन्या गाड्यांतील सीरिज मोटरचा वेग तिला मिळणाऱ्या व्होल्टेजबरोबर वाढतो. ताशी २० किलोमीटर धावणारी गाडी ४८ व्होल्टवर २६-२७ किलोमीटरच्या आसपास जाते. वेग वाढला, की शक्तीही अधिक लागते आणि वाचलेला प्रवाह पुन्हा खर्ची पडतो. शिवाय चढावर मोटरला लागणारा जोर तिच्यातून वाहणाऱ्या प्रवाहावर अवलंबून असतो. तो प्रवाह किती द्यायचा, हे कंट्रोलरच्या क्षमतेवर ठरते. थोडक्यात, व्होल्टेज वेग देते आणि प्रवाह जोर देतो. ज्याला केवळ चढ चढायचा आहे, त्याने बॅटरीआधी कंट्रोलरकडे पाहावे. नंतरच्या काही गाड्यांत वेगाची मर्यादा कंट्रोलरमधील प्रोग्रॅमच घालून देतो. तेथे नुसते व्होल्टेज वाढवून वेग वाढेलच असे नाही.

जुन्या बैलाला नवा जोडीदार

सर्वांत मोहाचा आणि सर्वांत वाईट मार्ग म्हणजे जुन्या सहा बॅटऱ्या तशाच ठेवून त्यांना बारा व्होल्टची एक बॅटरी जोडणे. बेरीज बरोबर ४८ होते, पण एकसर जोडणीत सर्व बॅटऱ्यांतून एकच प्रवाह वाहतो. त्यामुळे ज्या बॅटरीची क्षमता कमी, ती आधी रिकामी होते. इतर बॅटऱ्या प्रवाह ढकलतच राहतात आणि रिकाम्या बॅटरीचे घट उलट ध्रुवतेकडे जाऊन कायमचे निकामी होतात. सहा व्होल्टच्या दोन नव्या बॅटऱ्या वापरून जीर्ण झालेल्या सहा बॅटऱ्यांशी जोडल्या तरी हाच प्रश्न उभा राहतो, फक्त थोडा उशिरा. संच बदलायचा तर पूर्ण बदलावा. एकाच क्षमतेचा, एकाच वयाचा.

साखळीतील प्रत्येक कडी

बॅटरी ते चाक या वाटेवरील प्रत्येक भाग नव्या व्होल्टेजला झेपतो का, हे त्यानंतर तपासावे लागते. ४८ व्होल्टचा शिसे-आम्ल संच चार्ज होताना ६० व्होल्टच्या जवळ पोहोचतो. केवळ ३६ व्होल्टसाठी बनविलेल्या कंट्रोलरला हा दाब सोसेलच असे नाही. मुख्य प्रवाह जोडणाऱ्या सोलेनॉइडची कॉइल ४८ व्होल्टची हवी. फ्यूज एकदिश प्रवाहासाठी आणि नव्या व्होल्टेजसाठी प्रमाणित असावा, कारण एकदिश प्रवाहाची ठिणगी सहज विझत नाही. जुना चार्जर नवा संच पूर्ण भरू शकत नाही. तोही बदलावा लागतो.

अनेकांना अगदी शेवटी आठवतो तो दिव्यांचा प्रश्न. जुन्या गाडीत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवरून बारा व्होल्ट घेऊन दिवे आणि हॉर्न चालविलेले असतात. आठ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर बारा हा आकडा कुठेच सापडत नाही. एकीवर आठ, दोघींवर सोळा! त्यासाठी ४८ व्होल्टचे बारा करून देणारा वेगळा कन्व्हर्टर बसवावा लागतो.

लिथियम बॅटरीचा पर्याय आता सहज मिळतो. लिथियम आयर्न फॉस्फेटचे ३.२ व्होल्टचे १६ घट मिळून ५१.२ व्होल्ट होतात. वजन बरेच कमी होते आणि पाणी घालण्याची कटकट राहत नाही. मात्र चार्जर त्याच प्रकारचा हवा. बॅटरीतील संरक्षक यंत्रणा किती प्रवाह देऊ देते, हेही आधी पाहावे. नाहीतर ऐन चढावर ती पुरवठा तोडते.

हे काम घरी करताना अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे. पान्याने चुकून दोन टोके जोडली गेली, तर शेकडो अँपियर प्रवाह क्षणात वाहतो आणि धातू वितळतो. शिसे-आम्ल बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन बाहेर पडतो. म्हणून जागा हवेशीर हवी आणि जवळ ठिणगी नको.

थांबण्याचा प्रश्न

एवढे सारे केल्यावरही सर्वांत महत्त्वाची गोष्ट उरते. वेग एक तृतीयांशाने वाढला, की गतिज ऊर्जा सुमारे पावणेदोन पटीपेक्षा थोडी अधिक होते आणि ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारे अंतरही त्याच प्रमाणात वाढते. जेथे गाडी पाच मीटरमध्ये थांबत होती, तेथे आता जवळजवळ नऊ मीटर लागतात. पुष्कळ गोल्फ कार्टना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. दारे नसतात आणि बहुधा सीटबेल्टही नसतो. वळणावर बाहेर फेकले जाण्याचा धोका वेगाबरोबर वाढतो आणि मागच्या आसनावर बसलेली असतात ती बहुधा मुले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने १९९८ मध्ये अल्पवेगी वाहनांचा स्वतंत्र वर्ग केला, तो याच विचाराने. ताशी ३२ ते ४० किलोमीटर कमाल वेगाच्या अशा वाहनांना दिवे, आरसे आणि सीटबेल्ट बंधनकारक झाले. वेग वाढला, की गाडीची जबाबदारीही वाढते, हे त्यामागचे तत्त्व होते.

आधी दुखणे शोधा

म्हणून खर्च करण्यापूर्वी गाडी का दमते, ते शोधावे. चढावर ३६ व्होल्टचा संच ३१.५ व्होल्टच्या खाली घसरत असेल, तर बॅटऱ्या एक तर रिकाम्या आहेत किंवा थकल्या आहेत. गंजलेली टोके, बारीक तारा, घासत राहणारे ब्रेक, कमी हवेचे टायर हेही नेहमीचे दोषी. बरेचदा गाडीला अधिक व्होल्टची नव्हे, तर निगेची गरज असते.

आपल्याकडेही विमानतळांवर, रेल्वे स्थानकांत, प्राणिसंग्रहालयांत आणि मोठ्या गृहसंकुलांत अशा गाड्या फिरतात आणि त्यांत बहुधा वृद्ध व अपंग प्रवासी बसलेले असतात. अशा गाडीचे व्होल्टेज वाढविण्याचा प्रस्ताव व्यवस्थापनासमोर आला, तर ‘किती वेगाने धावेल?’ याआधी ‘किती अंतरात थांबेल?’ हा प्रश्न विचारावा. त्याचे समाधानकारक उत्तर मिळाले, तरच बॅटरीच्या दुकानाची पायरी चढावी.