रायफलच्या पोटातली काजळी : अमेरिकेत लोक एआर-१५ ला 'गॅस पिस्टन' का बसवतात?

व्हिएतनाम युद्ध ऐन भरात होतं. १९६६-६७ च्या सुमारास तिथल्या अमेरिकन सैनिकांची पत्रं घरी येऊ लागली, आणि त्यांत शत्रूपेक्षा स्वतःच्याच रायफलबद्दल जास्त तक्रारी होत्या. नवी कोरी एम-१६ ऐन चकमकीत अडकत होती. झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी आतच रुतून बसायची आणि सैनिकाला ती सफाईच्या सळईने ठोकून बाहेर काढावी लागायची. समोरून गोळ्या येत असताना हे काम करायचं म्हणजे काय, याची कल्पनाच केलेली बरी. प्रकरण इतकं पेटलं की १९६७ मध्ये अमेरिकन संसदेच्या उपसमितीला चौकशी करावी लागली.

याच रायफलची नागरी भावंडं म्हणजे एआर-१५ घराण्यातल्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली. ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते, पण पुढची गोळी आपोआप चेंबरमध्ये येते. ती कशी येते, हाच या सगळ्या वादाचा गाभा आहे.

गोळी सुटते तेव्हा दारू जळून प्रचंड दाबाचा वायू तयार होतो. तो गोळीला नळीतून पुढे ढकलतो. नळीला एक बारीक छिद्र असतं, त्यातून थोडा वायू बाजूला काढला जातो. इथून पुढे दोन वाटा आहेत. एआर-१५ चा मूळ आराखडा करणाऱ्या यूजीन स्टोनर यांनी हा वायू एका बारीक नळीतून थेट मागे, बोल्ट कॅरियरच्या पोटात सोडला. कॅरियर मागे सरकतो, पुंगळी बाहेर फेकली जाते, स्प्रिंग कॅरियरला पुन्हा पुढे आणते आणि येताना तो नवी गोळी घेऊन येतो. भाग कमी, वजन कमी आणि सगळा जोर नळीच्या सरळ रेषेत, त्यामुळे नेमही चांगला. पण चुलीचा धूर धुराड्यातून बाहेर न काढता माजघरात सोडला तर जे होईल, तेच इथे होतं. उष्णता आणि काजळी दोन्ही यंत्राच्या आतच साचतात.

गॅस पिस्टनची वाट वेगळी आहे. वायू पुढेच, नळीजवळच्या छोट्या सिलिंडरमध्ये पिस्टनला धक्का देतो आणि तिथूनच बाहेर पडतो. मागे पोहोचतो तो फक्त दांड्याचा धक्का. एके-४७ हे पिस्टनवाल्यांतलं सर्वांत प्रसिद्ध नाव.

व्हिएतनाममधला सगळा दोष मात्र स्टोनर यांच्या पद्धतीवर ढकलणं अन्यायाचं आहे. लष्कराने काडतुसातली दारू बदलली होती, चेंबरला क्रोमचा मुलामा दिला नव्हता, आणि कहर म्हणजे सैनिकांना पुरेशी सफाईची साधनंही दिली नव्हती. या गोष्टी सुधारल्यावर तीच रायफल पुढे अनेक दशकं चालली.

तरीही 'पिस्टन लावला तर?' हा प्रश्न काही सुटला नाही. जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीने अमेरिकेच्या डेल्टा फोर्सबरोबर काम करून एम-४ सारख्या रायफलला पिस्टन बसवला आणि एचके-४१६ जन्माला आली. नावातला '४' एम-४ चा आणि '१६' एम-१६ चा! २००७ मध्ये अमेरिकन लष्कराने धुळीची चाचणी घेतली. प्रत्येक प्रकारच्या रायफलींमधून ६०,००० गोळ्या झाडल्या. एम-४ त्यात ८८२ वेळा अडली, एचके-४१६ फक्त २३३ वेळा. पिस्टनवाल्यांना आयतं कोलीत मिळालं. गंमत म्हणजे त्याच वर्षी आधी झालेल्या चाचणीत एम-४ ३०७ वेळाच अडली होती, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

मग अमेरिकेच्या बाजारात कन्व्हर्जन किट आली. यात वायूची नळी जाते, तिच्या जागी पिस्टन आणि दांडा येतो, आणि कॅरियरही बदलतो. पण मूळ रायफल या धक्क्यासाठी बनलेलीच नव्हती. पिस्टनचा दांडा कॅरियरला मधोमध ढकलत नाही, वरच्या कडेवर ठोसा मारतो. परिणामी कॅरियरची मागची बाजू खाली झुकते आणि मागची बफर ट्यूब घासू लागते. यालाच 'कॅरियर टिल्ट' म्हणतात. त्यावर उपाय म्हणून कंपन्यांनी कॅरियरचा आकार बदलला. शिवाय पुढच्या बाजूला वजन वाढतं, आणि एका कंपनीचा पिस्टन दुसरीच्या रायफलला बसेलच असं नाही. म्हणजे भाग मोडला तर त्याच कंपनीच्या दारात उभं राहायचं.

आखूड नळी आणि सायलेन्सर लावून सतत गोळीबार करणाऱ्यांना पिस्टनचा खरा फायदा होतो, कारण सायलेन्सरमुळे जास्त वायू मागे फिरतो. शनिवार-रविवारी रेंजवर शे-दोनशे गोळ्या झाडणाऱ्याला मात्र चिंधी आणि तेलाची बाटली किटपेक्षा बरीच स्वस्त पडते.

भारतात सर्वसामान्य नागरिकाला हा प्रश्न पडायचं कारण नाही. इथे बंदुकीत फेरबदल करायलाही शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. आपल्या लष्कराने मात्र पिस्टनचीही वाट धरलेली दिसते. इन्सास पिस्टनवर चालते, आणि २०१९ मध्ये ज्या ७२,४०० सिग-७१६ रायफलींची मागणी नोंदवली गेली, त्यांचा बाह्य साचा एआर घराण्यातला आहे.