त्याच्याच वरातीत नाचले मी!

सोलापुरात पार्क चौकाजवळ वरात आली आणि बॅन्जोवाल्यांनी 'फँड्री'चं गाणं सुरू केलं. झालं! आमचा अख्खा कॉलेजचा ग्रुप सुटला. मीही जाम नाचले. नवरदेव माझा बेस्ट फ्रेंड. फक्त एक गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. गेली सहा वर्षं तो मला आवडत होता.

आता बोला! एकतर्फी प्रेमाचं गाणं, ते त्याच्याच वरातीत, आणि नाचणारी मी. इतका फिल्मी सीन फिल्मवालेही लिहिणार नाहीत.

सिनेमात नसलेलं गाणं

गंमत म्हणजे अजय-अतुलचं हे गाणं सिनेमात नाहीच! अजय गोगावलेने लिहिलेलं आणि गायलेलं हे गाणं प्रमोशनसाठी होतं. 'फँड्री' आपल्याच जिल्ह्यातल्या, करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंचा. महाराष्ट्रात तो रिलीज झाला १४ फेब्रुवारी २०१४ला, चक्क व्हॅलेंटाइन डेच्या मुहूर्तावर!

गाण्याच्या ओढीने गेलेल्यांना थिएटरात भेटला तो जब्या. डुकरं पकडणाऱ्या कैकाडी कुटुंबातला, वर्गातल्या शालूवर जीव टाकणारा. काळ्या चिमणीची राख टाकली की शालू आपली होईल, म्हणून गलोल घेऊन रानोमाळ हिंडणारा. मनातलं तिला सांगणं त्याला जमतच नाही. कारण मध्ये जात उभी आहे. शेवटी अख्ख्या गावासमोर त्याला डुकरामागे धावावं लागतं. शालू बघत असते. हसत असते.

ठेका आणि शांतता

गाण्यात हे दुःख नाचतं. वरातीत सगळे एकाच ठेक्यावर ते उडवतात, आणि चार-पाच मिनिटं का होईना, आपण एकटे नसतो. म्हणून तर अशी गाणी हिट होतात! सिनेमात मात्र जब्याच्या सोबतीला नाचणारं कुणी नाही.

आणि एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच. शालूला काय वाटतं, हे कुणी विचारतच नाही. एकतर्फी प्रेमाच्या गाण्यात समोरच्याला ओळच मिळत नाही. नकाराची भीती नको, म्हणून आपल्यालाही ते सोयीचं वाटतं. जब्याच्या वाटेत जात होती. माझ्या वाटेत? काहीच नव्हतं. डेअरिंग तेवढं नव्हतं.

लग्नानंतर हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला परतत होते. खिडकीबाहेर जेऊर स्टेशन मागे पडलं, तेव्हा इअरफोन लावून तेच गाणं ऐकलं. या वेळी पाय हलले नाहीत. डोळे भरले. शेजारच्या काकूंनी न बोलता पाण्याची बाटली पुढे केली.

तेव्हाच ठरवलं. पुढच्या वेळी कुणी आवडलं, तर बॅन्जोवाले यायच्या आत सांगून टाकायचं. नकार आला तर आला. रडायला गाणं आहेच की!