झाडाला आंबे, झाडावर पोपट

सोलापूरच्या नवी पेठेत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा कानावर पडतात. एखादी वस्तू टेबलावर आहे हे चौघींपैकी कोणत्याही भाषेत सांगितले, तरी टेबल आधी येते आणि जागेचा शब्द त्याच्या मागून: मराठीत 'वर', कन्नडमध्ये 'मेले', तेलुगूत 'मीद', उर्दूत 'पर'. इंग्रजीत हा क्रम उलटा. वाक्याच्या शेवटी क्रियापद ठेवणाऱ्या भाषांत असे शब्द बहुधा नामामागेच येतात, हे जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ मध्ये अनेक भाषा ताडून दाखवले. शेजाराचाही यात वाटा असतो. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमध्ये मराठी, कन्नड आणि उर्दूची वाक्यरचना शब्दाला शब्द ठेवता येईल इतकी जुळत आल्याचे गम्पर्झ आणि विल्सन यांनी १९७१ मध्ये नोंदवले.

क्रम सारखा असला, तरी जागेची वाटणी प्रत्येक भाषा आपल्या परीने करते. मराठीत आंबे झाडाला लागतात, पोपट झाडावर बसतो. जे जडलेले आहे त्याला 'ला', जे टेकलेले आहे त्याला 'वर'. पाल भिंतीवर असते, खुंटी भिंतीला. डच भाषाही असाच भेद करते. इंग्रजीचे मात्र पाल आणि खुंटी दोन्हींसाठी एका 'ऑन'वर भागते. अंगठी मराठीत बोटात असते, इंग्रजीत बोटावर. कोरियनमध्ये वस्तू आत आहे की वर, यापेक्षा ती घट्ट बसली की सैल, याला जास्त महत्त्व. दोन वर्षे पुरी होण्याआधीच कोरियन मुले हा भेद पाळतात, असे सूंजा चोई आणि मेलिसा बॉवरमन यांना १९९१ च्या अभ्यासात आढळले.

मराठीतली सर्वांत सुरेख जोडी 'घरी' आणि 'घरात' ही. साप घरात शिरतो. घरी येतो तो पाहुणा. एक शब्द चार भिंती दाखवतो, दुसरा नाते.

भूगोलही व्याकरणात उतरतो. माणसे 'देशावर' जातात पण 'कोकणात' उतरतात, कारण मधे सह्याद्री उभा आहे. मेक्सिकोतल्या तेनेहापा गावचे त्सेल्ताल भाषक तर हाताशी ठेवलेल्या वस्तूचीही जागा चढाच्या किंवा उताराच्या बाजूने सांगतात. सोलापुरात पूर्व भाग आहे, उत्तर कसबा आहे, तालुकेसुद्धा उत्तर आणि दक्षिण; पण ताटातली चटणी भाकरीच्या उत्तरेला आहे असे कोणी म्हणत नाही. ऑस्ट्रेलियातल्या गुगु यिमिथिर भाषेत मात्र तसेच बोलतात.

बोलण्याची ही सवय विचारातही मुरते का, यावर एकमत नाही. स्टीफन लेव्हिन्सन आणि सहकाऱ्यांनी लोकांना टेबलावर ओळीत मांडलेली खेळण्यातली जनावरे दाखवली, मग त्यांना पाठ फिरवून दुसऱ्या टेबलावर तीच ओळ लावायला सांगितली. डच भाषकांनी बहुधा डावे-उजवे राखले, त्सेल्ताल भाषकांनी दिशा. पेगी ली आणि लायला ग्लाइटमन यांनी २००२ मध्ये अमेरिकी विद्यार्थ्यांकडून तेच करून घेतले, तेव्हा आजूबाजूच्या खुणा बदलताच त्यांची मांडणीही बदलली.