दोन चेंडू दिसत होते

सोयाबीनच्या मळणीचे दिवस होते. पीक पाहणीसाठी एका गावी गेलो असता ओळखीच्या शेतकऱ्याच्या घरी चहाला थांबलो. त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलाने पाणी आणले. तांब्यातून पेल्यात ओतू लागला, तर सगळे पाणी पेल्याच्या अलीकडे ताटात. आई लगबगीने फडके घेऊन आली. मुलगा मान खाली घालून आत गेला.

वडील म्हणाले, "साहेब, मागच्या साली हडंब्यावर काडीचा तुकडा उडाला अन् डावा डोळा गेला. गावच्या टीमचा पहिल्या नंबरचा फलंदाज होता. आता बॅट माळ्यावर टाकलीय. घराबाहेर निघत नाही."

मला ते सांडलेले पाणी ओळखीचे वाटले. अगदी हेच एका मोठ्या खेळाडूच्या बाबतीत घडल्याचे मी त्याच्या आत्मचरित्रात वाचले होते. मुलाला बाहेर बोलावून मी त्याला मन्सूर अली खान पतौडींची हकिगत सांगितली. वाचकांतील वडीलधाऱ्यांनी त्यांचे सामने ट्रान्झिस्टरवर ऐकलेले असतील. तरुणांना ते फार तर सैफ अली खानचे वडील म्हणून ठाऊक.

पतौडी शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये होते. १९६१ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या क्रिकेट संघाचे ते कप्तान झाले. वय अवघे वीस. धावा अशा निघत होत्या की, वडिलांनी १९३१ मध्ये त्याच विद्यापीठासाठी केलेला मोसमाचा विक्रम मोडणार, असे सर्वांना वाटत होते. हे वडील त्यांच्या अकराव्या वाढदिवशी, पोलो खेळताना वारले होते. तेव्हा तो विक्रम पोराच्या दृष्टीने नुसता आकडा नसणार.

१ जुलै १९६१. ससेक्सविरुद्ध होव्ह येथे सामना चालू होता. रात्री जेवण करून सारे हॉटेलकडे परतत होते. बाकीची मुले पायी निघाली, पतौडी आणि यष्टिरक्षक मोटारीतच बसले. हॉटेल हाकेच्या अंतरावर असताना दुसरी मोटार येऊन धडकली. काचेची एक बारीकशी कपची त्यांच्या उजव्या डोळ्यात घुसली. शस्त्रक्रिया झाली, पण त्या डोळ्याची नजर गेल्यातच जमा झाली. मैदानावरची दुखापत नव्हे, पण खेळाच्या मुळावरच घाव.

पुढचे काही आठवडे त्यांनी कसे काढले, हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. पेल्यात पाणी ओतायला जावे, तर ते मेजावर पडे. सिगारेट पेटवायला जावे, तर काडी थोडी बाजूलाच राही. याचे कारण साधे आहे. आपले दोन डोळे एकच वस्तू किंचित वेगवेगळ्या बाजूंनी पाहतात आणि त्या दोन चित्रांच्या फरकावरून मेंदू अंतर ताडतो. सुई ओवणे, पाणी ओतणे, झेल घेणे ही जवळची कामे त्यामुळे जमतात. एक डोळा गेला की हे माप हरवते. पण मेंदू दुसरी मापे शिकतो. वस्तू जवळ येते तशी मोठी दिसते, एकीमागे दुसरी झाकली जाते, मान हलवली की जवळचे जास्त सरकते आणि लांबचे कमी. याला महिने लागतात आणि घरी बसून ते होत नाही.

पतौडी लवकरच सरावाला उतरले. डोळ्यावर बसवायचे भिंग मिळाले, पण त्याने घोटाळा वाढला. नोव्हेंबर १९६१ मध्ये हैदराबादला एमसीसीविरुद्ध खेळताना त्यांना एकाच्या जागी दोन चेंडू दिसू लागले, एकमेकांपासून सहा-सात इंचांवर. त्यांतला आतल्या बाजूचा खरा धरून ते खेळले. चहापानाला ३५ धावा झाल्या होत्या. मग भिंग काढले, तो डोळा मिटून घेतला आणि ७० पर्यंत गेले. पुढे टोपी उजव्या डोळ्यावर ओढून खेळण्याची त्यांना सवय लागली.

अपघाताला सहा महिने व्हायच्या आत, डिसेंबरात, दिल्लीला ते पहिली कसोटी खेळले. धावा फक्त १३. पण पुढच्याच महिन्यात मद्रासला १०३ काढल्या. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसला कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागून ते जायबंदी झाले आणि एकवीस वर्षे ७७ दिवसांच्या या पोरावर भारताची धुरा आली. इतका लहान कसोटी कप्तान पुढे २००४ पर्यंत कोणत्याही देशाला झाला नाही. १९६८ मध्ये न्यूझीलंडमध्ये भारताने परदेशातली पहिली मालिका जिंकली, ती त्यांच्याच हाताखाली. त्या संघात आपले बोर्डे, वाडेकर, नाडकर्णी होते. एकूण ४६ कसोट्या आणि सहा शतके, ही सारी डोळा गेल्यानंतरची.

नवाबाच्या मुलाला पोटाची चिंता नव्हती, हे खरे. पण समोरून येणाऱ्या चेंडूला नवाब कळत नाही.

मुलाने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "सर, त्यांचा उजवा गेला होता. माझा डावा. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा डोळाच बॉलरकडे असतो."

मी निरुत्तर झालो. पोराने बरोबर हेरले होते.

निघताना वडिलांना दोन गोष्टी बजावून सांगितल्या. मळणीवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाने गॉगल घालायचाच. आणि डोळ्यात काही गेले, उसाचे पान जरी लागले, तरी चोळायचे नाही, तूप-दूध घालायचे नाही, औषधाच्या दुकानातून मनाने थेंब आणायचे नाहीत. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचे.

शिमग्याच्या सुमारास पुन्हा त्या गावी गेलो, तर मुलगा शाळेच्या मैदानावर दिसला. डॉक्टरांनी दिलेला न फुटणारा चष्मा डोळ्यावर होता, उरलेल्या डोळ्याला जपायला. नेहमीसारखा आडवा उभा न राहता छाती बरीचशी गोलंदाजाकडे करून तो उभा होता. धाकटा भाऊ चेंडू टाकत होता. तिसऱ्या चेंडूला दांडी उडाली. मग एक चेंडू बॅटच्या मधोमध बसला आणि बांधापलीकडच्या हरभऱ्यात गेला. वडील शेजारीच उभे होते.

"अकरा दिवस झाले," ते म्हणाले, "रोज चेंडू हुडकायला मीच जातो."