संगणकातली यादी कागदावर येते कशी?



गाळप हंगाम ऐन भरात आला, की आमच्या गट ऑफिसांत दोन प्रश्न हमखास कानी पडतात. पहिला, "माझ्या उसाला तोड कधी?" आणि दुसरा, "बिल जमा झालं का?" पहिल्याचे उत्तर शेतकी खाते देते. दुसऱ्याचे उत्तर एका यादीवर अवलंबून असते. ही यादी दर पंधरवड्याला बँकेकडे जाते. तीत आपले नाव, टनेज, कपात, निव्वळ रक्कम आणि खाते क्रमांक असतो. यादी बरोबर तर बिल बरोबर. यादीत एक आकडा इकडचा तिकडे झाला, की वर्षभर राबलेल्या माणसाला बँकेच्या दारातून रिकाम्या हाताने परत यावे लागते. ही यादी तयार कशी होते, ती कुठे चुकते आणि चूक कशी पकडता येते, हे प्रत्येक सभासदाला कळावे म्हणून हा लेख.

वह्या तीन, खूण एक

पूर्वी हिशेब खतावणीत असे. आता तो संगणकात असतो, पण मांडणी तीच. एक वही सभासदांची. दुसरी काट्याची, तीत प्रत्येक खेपेचे भरलेले वजन, रिकामे वजन, तारीख, वेळ, उसाची जात आणि गट क्रमांक. तिसरी बँक खात्यांची. सोसायटीची वसुली आणि इतर कपातीची वही आणखी निराळी. या सगळ्या वह्यांच्या एकत्र संग्रहाला डेटाबेस म्हणतात.

या वह्या एकमेकींना जोडणारी खूण म्हणजे आपला सभासद क्रमांक. नावावर भिस्त ठेवता येत नाही. आपल्याकडे एकाच गावात एकाच नावाचे तीन-चार पाटील किंवा शिंदे सहज निघतात. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे तर एकच आडनाव कानडी वळणाने आणि मराठी वळणाने दोन तऱ्हांनी लिहिलेले आढळते. म्हणून नावाला मान आहे, पण हिशेब क्रमांकावर चालतो.

अशा वह्या खुणेच्या आधारे जोडण्याचा विचार एडगर कॉड या संशोधकाने १९७० मध्ये मांडला. त्यावरून १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी आयबीएम कंपनीत प्रश्न विचारण्याची एक भाषा तयार केली. तिलाच आज एसक्यूएल म्हणतात. तिचे चार शब्द कळले तरी पुरे. सिलेक्ट म्हणजे काय दाखवायचे, फ्रॉम म्हणजे कुठल्या वहीतून, व्हेअर म्हणजे कोणत्या अटीवर आणि ऑर्डर बाय म्हणजे कोणत्या क्रमाने. "१ ते १५ जानेवारीत ज्यांचा ऊस काट्यावर आला, त्यांचे टनेज सभासदवार बेरीज करून, गावाच्या क्रमाने दाखव" असे त्या भाषेत विचारले, की पडद्यावर उत्तर येते. या विचारण्याला क्वेरी म्हणतात.

पण पडद्यावरचे उत्तर हिशेबनीसाच्या कामाचे नाही. त्याला बेरजा मारायच्या असतात, टिका करायच्या असतात, छापील प्रत सहीला न्यायची असते. त्यासाठी लागतो आडव्या-उभ्या चौकटींचा तक्ता, म्हणजे स्प्रेडशीट. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी व्हिजिकॅल्क नावाचा असा तक्ता घरगुती संगणकावर आणला. आज सर्वांना ठाऊक असलेला एक्सेल १९८५ चा. डेटाबेसमधले उत्तर या तक्त्यात उतरवायचे, एवढेच आमचे काम. ऐकायला सोपे वाटते. आमची ठेच लागली ती इथेच.

मावशींचे बिल

काही हंगामांपूर्वीची गोष्ट. संक्रांत तोंडावर आली होती, सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेची लगबग सुरू होती. एक सभासद भगिनी ऑफिसात आल्या. कारभार एकट्या पाहणाऱ्या. त्या म्हणाल्या, "साहेब, समद्या गावाचं बिल आलं, माझंच न्हाई. लेकीच्या कॉलेजची फी भरायची हाय." आम्ही संगणकात पाहिले. टनेज बरोबर, रक्कम बरोबर, यादीत नावही होते. "मावशी, आमच्याकडून तर गेलंय," असे सांगून आम्ही त्यांना बँकेत धाडले. बँकेने आमच्याकडे धाडले. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी रक्कम परत आल्याचे कळले. कारण काय? यादीतला खाते क्रमांक त्यांचा नव्हताच.

संगणकातल्या वहीत क्रमांक अगदी बरोबर होता. तो बिघडला वाटेत. आमची पद्धत अशी होती, की क्वेरीचे उत्तर स्वल्पविरामाने तोडलेल्या साध्या फाईलमध्ये काढायचे, ती फाईल एक्सेलमध्ये उघडायची, ठाकठीक करायची आणि साठवून पुढे द्यायची. एक्सेलला सोळा आकडी खाते क्रमांक दिसला, की ती मोठी संख्या आहे असे तो धरून चालतो. संख्येचे पहिले पंधरा आकडेच तो नेमके ठेवतो. सोळाव्या जागी शून्य बसवतो. मावशींच्या खात्याचा शेवटचा आकडा असा पुसला गेला होता. ज्यांचे क्रमांक शून्याने सुरू होतात, त्यांची सुरुवातीची शून्येही अशीच गळतात.

त्यांची रक्कम दुसऱ्या कुणाच्या खात्यात गेली नाही, हे नशीब. चूक यंत्राची म्हणून आम्हांला हात झटकता येणार नाहीत. यादी आमच्या सहीने गेली होती. शिवाय ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ प्रमाणे ऊस आल्यापासून चौदा दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे आणि उशिराला सालीना १५ टक्के व्याज आहे. तेव्हा असा एक शून्यसुद्धा कारखान्याला म्हणजे पर्यायाने आपल्यालाच महाग पडतो.

हाताऐवजी स्क्रिप्ट

त्यानंतर पद्धत बदलली. आता हे काम स्क्रिप्ट करते. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला क्रमाने लिहून दिलेली कामे. डेटाबेस उघड, ही क्वेरी विचार, उत्तर तक्त्यात उतरव, बेरजा घाल, फाईलला पंधरवड्याचे नाव दे, बंद कर. पायथनसारख्या फुकट मिळणाऱ्या भाषेत ती लिहिता येते. एकदा नीट लिहिली, की दर पंधरवड्याला तीच पावले त्याच क्रमाने पडतात. माणूस दमतो, गप्पांत रमतो, एक ओळ सोडतो. स्क्रिप्ट तसे करत नाही. मात्र चुकीचे लिहून दिले, तर तीच चूक ती दर वेळी न चुकता करते. म्हणून लिहिताना आम्ही पुढील गोष्टी सांभाळतो.

पहिली, खाते क्रमांक ही संख्या नव्हे, अक्षरे आहेत. त्यांची बेरीज कोणी करीत नाही. स्क्रिप्ट थेट एक्सेलची फाईल तयार करते आणि तो रकाना मजकूर म्हणूनच लिहिते. सभासद क्रमांकाचेही तसेच.

दुसरी, तारीख. ०५/०१ म्हणजे आपल्याला ५ जानेवारी. अमेरिकन वळणाच्या संगणकाला तो १ मे वाटतो. म्हणून तारीख ही तारीख म्हणूनच उतरवायची, अंदाजावर सोडायची नाही.

तिसरी, पंधरवड्याची हद्द. काट्याच्या नोंदीत तारखेबरोबर वेळही असते. "१५ तारखेपर्यंत" अशी अट नुसती लिहिली, तर संगणक ती १५ तारीख उजाडण्यापूर्वीच्या मध्यरात्रीपर्यंत धरू शकतो आणि १५ तारखेच्या दिवसभराच्या खेपा बाहेर राहतात. "१६ तारीख लागण्यापूर्वीच्या सर्व खेपा" अशी अट लिहिली, की एकही खेप सुटत नाही.

चौथी, वह्यांची जोडणी. सभासदाची वही आणि बँकेची वही साध्या रीतीने जोडली, तर ज्याचे खाते नोंदलेले नाही तो सभासद यादीतून गुपचूप गळतो. नाव नाही, रक्कम नाही, तक्रारही नाही. म्हणून जोडणी अशी करावी लागते, की ऊस घातलेला प्रत्येक माणूस यादीत येईल आणि खाते नसेल तर ती चौकट रिकामी दिसेल. रिकामी चौकट बोलते. गळलेले नाव बोलत नाही. उलट एखाद्याची दोन खाती नोंदली असतील, तर त्याची ओळ दोनदा येते. तेही पाहावे लागते.

पाचवी, आपली मराठी. जुन्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेली नावे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर भलतीच चिन्हे दाखवतात. ती सर्व युनिकोडमध्ये आणावी लागतात. साध्या फाईलमधून नेताना तर तिच्या तोंडाशी एक अदृश्य खूण ठेवावी लागते, नाहीतर एक्सेल देवनागरीचा पार खिचडा करतो.

मोजून द्यावे, मोजून घ्यावे

इतके करूनही शेवटची राखण बेरजेचीच. स्क्रिप्ट दोन वेळा मोजते. एकदा थेट काट्याच्या वहीतून, जोडणी न करता: सभासद किती, टनेज किती. आणि एकदा तयार झालेल्या फाईलमधून. दोन्ही जुळले तरच यादी पुढे जाते. एका किलोचा फरक पडला तरी थांबते.

हे फार झाले असे कोणाला वाटेल, तर इंग्लंडचे उदाहरण सांगतो. २०२० साली करोनाच्या साथीत तिथल्या आरोग्य खात्याने प्रयोगशाळांची माहिती जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाईलमध्ये उतरवली. त्या फाईलमध्ये ६५,५३६ च ओळी मावतात. उरलेल्या ओळी बाहेर पडल्या आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ रुग्ण रोजच्या मोजणीतून सुटले. त्यांच्या संपर्कातल्या माणसांचा शोधही लांबला. दोन्हीकडच्या ओळी मोजून ताडून पाहिल्या असत्या, तर ही गळती त्याच दिवशी दिसली असती. एवढ्या मोठ्या देशात असे होते, तर आपण सावध राहिलेले बरे.

आणखी एक पथ्य. यादी काढणाऱ्या स्क्रिप्टला डेटाबेस फक्त वाचण्याची परवानगी आहे, लिहिण्याची नाही. तिच्या हातून मूळ नोंद बदलूच शकत नाही. आणि यादीत कामापुरतेच रकाने असतात. कोणाचे कर्ज किती, कोणाचे खाते कोणत्या बँकेत, ही चव्हाट्यावरची गोष्ट नव्हे. म्हणून "जरा गावाची यादी व्हॉट्सॲपवर टाका की" असे कोणी म्हटले, तर आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. त्यात राग मानू नये.

आपले बिल आपण पडताळा

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरविली. वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा. समजा, धरलेला उतारा १०.७५ टक्के आहे. जादा पाच टप्पे, म्हणजे १७ रुपये ३० पैसे. क्विंटलला ३७२ रुपये ३० पैसे, टनाला ३,७२३ रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक समजा ९०० रुपये गेली, तर उरले २,८२३. आपला ऊस १८.६४० टन असेल, तर रक्कम ५२,६२० रुपये ७२ पैसे. त्यातून सोसायटीची वसुली आणि इतर कपात वजा करा. हे आकडे समजावण्यापुरते आहेत. आपल्या बिलावरचे आकडे घालून हाच हिशेब घरी मांडून पाहावा.

सभासदांना आमची विनंती एवढीच. काटा पावत्या हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. त्यांची बेरीज बिलातल्या टनेजशी ताडून पाहा. पासबुकाची झेरॉक्स घेऊन एकदा गट ऑफिसात या आणि आपला खाते क्रमांक एकेक आकडा वाचून जुळवून घ्या. घरात शिकलेला मुलगा, मुलगी, सून असेल, तर त्यांनाही बरोबर आणा. चार डोळ्यांना चूक लवकर दिसते.

मावशींचे बिल चौथ्या दिवशी जमा झाले. फी भरून झाल्यावर त्या पुन्हा ऑफिसात आल्या, हातात तिळगूळ होता. म्हणाल्या, "पुढच्या खेपंला आधी मोजा, मग धाडा." त्या दिवसापासून आम्ही तेच करीत आहोत.