फटीतील सावली: मोटारींच्या प्रतिकृतींविषयीचे काही गैरसमज

मोटारीची हुबेहूब लहान प्रतिकृती घडविणाऱ्या हौशी कारागिराच्या मेजावर गाडीचे कवच रंगून, वाळून आणि घोटून तयार झाले, की पुष्कळदा एक विलक्षण निराशा त्याच्या पदरी येते. रंगात कसूर नसते, झिलई आरशासारखी असते, आणि तरीही ती वस्तू मोटार न वाटता साबणाची वडी वाटते. याचे कारण असे, की खऱ्या मोटारीत दरवाजा, बॉनेट, डिकी आणि पेट्रोलच्या टाकीचे झाकण हे स्वतंत्र भाग असून त्यांच्यामधील फटींतून डोळ्यांस काळोख दिसतो. प्रतिकृतीत मात्र हे सारे बहुधा एकाच अखंड प्लास्टिकमध्ये ओतलेले असते आणि फटीच्या जागी असते ती केवळ एक उथळ खाच, जिचा तळही गाडीच्याच रंगाने चकाकत असतो. त्या खाचेत पातळ रंग सोडून हरवलेली सावली परत आणण्याच्या क्रियेस या छंदातील मंडळी ‘पॅनेल लाइन वॉश’ म्हणतात.

या क्रियेविषयीचा सर्वांत नुकसानकारक गैरसमज असा, की फट काळी दिसते, सबब वॉशही काळाच हवा. माझी पहिली पांढरी मोटार मी याच समजुतीने बिघडविली होती. दरवाज्याभोवती शाईने चौकट आखावी तशी ती दिसू लागली. वस्तुस्थिती अशी आहे, की फटीच्या दोन्ही कडा गाडीच्याच रंगाच्या असल्यामुळे आत शिरणारा प्रकाश त्यांच्यावर परावर्तित होताना त्या रंगाची छटा घेऊन परततो, आणि म्हणून लाल गाडीची फट गडद तांबूस, तर पांढरीची करडी भासते. शिवाय अंतराचाही विचार करावयास हवा. १/२४ प्रमाणाची प्रतिकृती आपण ३० सेंटिमीटरांवरून न्याहाळतो, तेव्हा खरी गाडी सुमारे ७ मीटरांवरून पाहिल्यासारखे होते. आणि तेवढ्या अंतरावरून दरवाज्याची ४ मिलिमीटरांची फट कोणासही ठसठशीत काळी दिसत नाही. म्हणून पांढऱ्यास करडा, पिवळ्यास तपकिरी, लालास गडद तपकिरी, चंदेरीस गडद करडा, आणि काळा वॉश असलाच तर तो काळ्या किंवा अतिगडद गाडीस, अशी योजना मी करीत आलो आहे.

याच हिशेबाने खाचेच्या रुंदीकडेही पाहावे. ती ४ मिलिमीटरांची फट १/२४ प्रमाणात जेमतेम ०.१७ मिलिमीटर उरते. साच्यातून निघालेली खाच जर अर्धा मिलिमीटर रुंद असेल, तर ती खऱ्या गाडीवर १२ मिलिमीटरांची ठरेल. अशा रुंद खाचेत गडद रंग भरणे म्हणजे मूळचा दोष ठळक करणे होय; तेथे छटा जितकी सौम्य तितकी बरी.

रेषा काढण्यास चित्रकाराचा स्थिर हात लागतो, ही भीती मात्र निराधार आहे, कारण येथे रेषा कोणी काढतच नाही. भरपूर पातळ केलेल्या रंगात बुडविलेल्या कुंचल्याचे टोक खाचेच्या एखाद्या कोपऱ्यास टेकविले, की ज्या केशाकर्षणाने दिव्याच्या वातीत तेल चढते त्याच गुणाने द्रव आपण होऊन खाचेतून पुढे धावतो. अट एवढीच, की पृष्ठभाग चकचकीत असावा. खरबरीत, निस्तेज पृष्ठभागावर तोच द्रव अंगात मुरून डाग पाडतो. आणि अर्थातच द्रवास धावण्यास खाच शिल्लक हवी. अस्तर, रंग आणि पारदर्शक लॅकर यांच्या थरांनी ती बुजल्यावर वॉश तिला पुन्हा खोल करील अशी आशा व्यर्थ आहे. ती तजवीज अस्तरापूर्वीच, कोरणीने किंवा सुरीच्या पात्याच्या पाठीने खाच हलकेच खोल करून, करावी लागते.

खरा विचार हवा तो द्रावकांच्या बाबतीत, कारण कोणताही थिनर चालतो या समजुतीने कित्येक महिन्यांचे श्रम क्षणात वाया जातात. शिझुओकाच्या तामिया कंपनीचा ४० मिलिलिटरच्या बाटलीतील तयार वॉश, ज्याच्या झाकणातच बारीक कुंचला बसविलेला असतो आणि जो काळ्याबरोबरच करड्या व तपकिरी छटांतही मिळतो, तो इनॅमल जातीचा आहे. पुरत्या सुकलेल्या लॅकरला इनॅमलचा थिनर विरघळवीत नाही, म्हणून लॅकरने रंगविलेल्या गाडीवरचा जादा वॉश निर्धास्तपणे पुसता येतो; पण गाडीच इनॅमलने रंगविलेली असेल, तर वॉशबरोबर रंगही निघून येईल, आणि तेथे पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक वॉश घ्यावा हे उत्तम. उलट, इनॅमलच्या वॉशवर लॅकर फवारले तर त्यातील प्रखर द्रावक ती रेषा पसरवून टाकतो. म्हणून पारदर्शक थर आणि घोटाई उरकल्यावरच वॉश करावा, व तत्पूर्वी खाचेत अडकलेले पॉलिशचे पांढरे कण मऊ दातघासणीने धुऊन काढावेत. रंग न दिलेल्या उघड्या पॉलिस्टायरीनवर, विशेषतः जेथे सांधा घट्ट दाबून बसविला आहे किंवा स्क्रू आवळला आहे तेथे, इनॅमलचा थिनर झिरपून प्लास्टिकला भेगा पाडतो, आणि या भेगा कधीकधी दुसऱ्या दिवशी दिसतात.

पुसण्याची घाईही नको. वॉश सुकू द्यावा, मग थिनरने किंचित ओलावलेली कापसाची काडी खाचेला आडवी फिरवावी. खाचेच्या लांबीने ओढली, तर आतला रंगही ती शोषून घेते.

रणगाडे घडविणारे वॉशचा उपयोग चिखल आणि कळकटपणा दाखविण्यासाठी करतात, त्यावरून मोटार मळकट होईल असा ग्रह काहींनी करून घेतला आहे; परंतु शोरूममधील कोऱ्या गाडीलाही फटी असतात, आणि फटीतील सावलीचा धुळीशी काही संबंध नाही. तथापि सर्व खाचांस एकच न्याय लावू नये. उघडणाऱ्या भागांची फट गडद, बंपर आणि मडगार्ड यांच्यामधील न उघडणारा सांधा त्याहून फिका. पुढची जाळी मात्र अपवाद आहे: तिच्या पट्ट्यांमागे खरोखरच इंजिनाची अंधारी पोकळी असते, आणि तेथे निःशंकपणे काळा वॉश सोडून पट्ट्यांचे माथे तेवढे पुसून घ्यावेत.